कल्पना वहीतच अडकते, पुढे सरकत नाही. काय करावं?

वहीबहाद्दर: मुलांना स्वतः करता येतील अशा विज्ञानप्रयोगांची व्हिडिओ मालिका काढायची आहे. नाव ठरलंय, भागांची यादी तयार आहे, काम मात्र सुरू होत नाही. 'शिस्त लावा' सोडून काहीतरी नेमकं सांगा.

कानामात्रा: यादीत 'मालिका सुरू करणे' अशी ओळ असेल तर ती आधी खोडा. ते एक काम नाही, पन्नास कामांचं गाठोडं आहे. त्याऐवजी लिहा: 'बाटली, फुगा, व्हिनेगर, खाण्याचा सोडा टेबलावर मांडून फोनवर ९० सेकंदांचं चित्रण.' अर्ध्या तासात उरकणार नसेल तर अजून तोडा. 'माहिती काढणे', 'विचार करणे' असली क्रियापदं टाळा, ती कधी संपलीत हेच कळत नाही.

मग ते एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधा: 'शनिवारी नाश्ता झाला की फोन स्टँडला लावायचा.' 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा योजनांवर पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलंय. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या इराद्यापेक्षा अशा योजनेने ध्येय गाठण्यात चांगलाच फरक पडतो, असं त्यात दिसलं. 'वेळ मिळाला की' मात्र चालत नाही. तो क्षण आला हे ओळखणार कसं? अडचणीचंही आधीच ठरवा: आवाज खराब आला तर पुन्हा चित्रण नाही, नंतर वरून आवाज द्यायचा.

उलटतपासणी: वरचं बरोबर, पण सगळ्या यादीचे असे तुकडे करत बसू नका, तीही टाळाटाळच. सगळ्यात कच्चा दुवा आधी तपासा. इथे तो कॅमेरा नाही; व्हिडिओ बघून मूल खरंच प्रयोग करतं का, हा आहे. संपादन न केलेली क्लिप पाच मुलांना दाखवा, समोर सामान ठेवा आणि गप्प बसा. तिघं एकाच जागी अडली तर ती पायरी बदला. कुणी सामानाला हातच लावला नाही तर प्रयोग बदला. लोगो, माइक, शीर्षकसंगीत यांना तोवर हात लावू नका.

वेळेचा अंदाज मनाने बांधू नका, तो जवळजवळ नेहमीच कमी निघतो, कारण आपण सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो. पहिल्या भागाला घड्याळ लावा आणि त्यावरून पुढच्या भागांचा हिशेब करा.

टाचणी: आणि घोषणा करू नका. शाबासकी आधीच मिळाली की कामाची निकड ओसरू शकते. लोकांना क्लिपच पाठवा.

वहीबहाद्दर: शनिवार धरतो. फक्त एक, बाटलीत सोडा टाकला की फुगा चढवेपर्यंत निम्मा वायू उडून जातो. त्याचं काय?

कानामात्रा: सोडा फुग्यात भरा, व्हिनेगर बाटलीत. फुगा लोंबता ठेवून त्याचं तोंड बाटलीवर चढवा, मग उभा करा. अर्धा लिटरच्या बाटलीत १०० मिली व्हिनेगर आणि दोन चहाचे चमचे सोडा पुरे. फुगा आधी एकदा फुगवून सैल करून घ्या.