मदत हवी आहे: राखीव दिवस ठरवताना धोक्यांतून संधी वजा कराव्यात का?

नमस्कार. जुन्या सॉफ्टवेअरमधील माहिती नव्या प्रणालीत हलवण्याच्या आठ महिन्यांच्या प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये (जोखमींच्या नोंदींच्या तक्त्यात) सध्या २६ नोंदी आहेत आणि त्या सगळ्याच धोक्यांच्या आहेत. आयएसओ ३१००० या जोखीम व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात जोखीम म्हणजे उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम, आणि तो अनुकूलही असू शकतो, हे वाचले होते. पण त्याचा अर्थ गेल्या महिन्यात कळला. चाचणीचा पहिला टप्पा सहा दिवस आधी संपला, मात्र पुढचा गट ठरलेल्या तारखेलाच मोकळा होणार होता आणि ते सहा दिवस वाया गेले. हा टप्पा लवकर आटोपेल असे आमच्यापैकी दोघांना आधीच वाटत होते, परंतु ते लिहून ठेवण्यासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

आता संधींच्या नोंदी सुरू केल्या आहेत. माहिती तपासण्याचे काम स्वयंचलित झाले तर १० दिवस वाचतील (शक्यता ५० टक्के), आणि प्रशिक्षण आधी सुरू करता आले तर ५ दिवस (शक्यता ४० टक्के). शक्यतेने गुणल्यावर हे ७ दिवस होतात. धोक्यांची अशीच बेरीज १८ दिवस येते. त्यामुळे राखीव दिवस (उशीर झाल्यास वापरायला योजनेत ठेवलेले जादा दिवस) ११ पुरेत, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. गणित बरोबर असूनही मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके मांडता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. १८ ही सरासरी आहे आणि प्रकल्प एकदाच होतो. २० दिवसांचा आणि ३० टक्के शक्यतेचा एखादा धोका बेरजेत ६ दिवसच भरतो. प्रत्यक्षात मात्र तो ० तरी घेतो किंवा २० तरी.

दुसरी बाब अशी की वाचलेले दिवस कोणत्या कामावर वाचले, हे पाहिल्याशिवाय वजाबाकी करता येत नाही. प्रशिक्षण क्रिटिकल पाथवर (ज्या कामांच्या साखळीवर अंतिम तारीख ठरते, तिच्यात) नसेल, तर ते पाच दिवस आधी संपल्याने अंतिम तारीख एका दिवसानेही अलीकडे येत नाही. शिवाय तीन स्वतंत्र कामे संपल्यावरच पुढचे काम सुरू होणार असेल आणि प्रत्येक काम वेळेत होण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर तिन्ही वेळेत होण्याची शक्यता जेमतेम ५१ टक्के उरते. उशीर पुढे सरकतो, वाचलेला वेळ बहुधा तिथेच मुरतो. तुमच्या सहा दिवसांचे तेच झाले.

म्हणून संधीच्या नोंदीत शक्यतेइतकाच महत्त्वाचा रकाना म्हणजे ती साधण्यासाठी कोण, कोणत्या तारखेपर्यंत, काय करणार. स्वयंचलित तपासणीसाठी कोणाचे किती दिवस लागतील? तेवढे काम योजनेत घ्या, पण त्याचा लाभ हाती येईपर्यंत राखीव दिवसांना हात लावू नका.

धागाकर्ता

मनापासून आभार. क्रिटिकल पाथ तपासला; प्रशिक्षण खरोखरच त्यावर नाही, म्हणजे ७ पैकी २ दिवस कागदावरच होते. स्वयंचलित तपासणीची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहायला एका व्यक्तीचे चार दिवस लागतील आणि तिच्याकडे सध्या एका मोठ्या धोक्यावरचे काम आहे. अशा वेळी प्राधान्य कशाला द्यावे?

प्रतिसाद २

तो धोका कधी उद्भवू शकतो, यावर ते अवलंबून आहे. माहिती हलवण्याच्या दिवशीच तो समोर येणार असेल आणि त्यावरचे काम चार दिवस उशिरा संपले तरी चालणार असेल, तर स्क्रिप्ट आधी लिहून घ्यावी, कारण तपासणी हाताने सुरू झाली की रोज त्या १० दिवसांतला काही भाग कमी होत जाईल. धोका तपासणीच्या आधीच उद्भवणारा असेल, तर त्या व्यक्तीला मुळीच हलवू नका. स्क्रिप्टसाठी दुसरे कोणी मिळते का, हे वरिष्ठांना लेखी विचारा.

धागाकर्ता

धोका माहिती हलवण्याच्या दिवशीचाच आहे आणि त्याला अजून सात आठवडे आहेत. स्क्रिप्टचे काम सोमवारपासून योजनेत घेतो आणि राखीव दिवस १८ च ठेवण्याची मागणी करतो.