फौजीले आधी कमान पायजे का डॉक्टर?

दिग्रसकडचा:
काल इथं एका भाऊनं लिहिलं का महाराष्ट्रात माजी सैनिकांच्या सन्मानाचा वेगळा कायदा करा, गावोगावी त्यायच्या नावाच्या कमानी बांधा अन् १५ ऑगस्टले झेंडा फौजीच्याच हातानं फडकवा. खाली नुसता 'जय हिंद'चा पूर. मले राहवलं नाई. माहे बाबा महार रेजिमेंटचे, १९७१ ची लढाई केलेले. दरसाल शाल-नारळ भेटते, घरच्या पेटीत अठरा शाली हायेत. पण मागच्या उन्हाळ्यात छातीत दुखलं तं आरोग्य केंद्रात डॉक्टर नाई, १०८ दुसरा पेशंट घेऊन गेलेली, शेवटी शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये ताडपत्रीवर झोपवून नेलं. पॅनलवरच्या दवाखान्यात ईसीएचएसचं, म्हंजे माजी सैनिकांच्या इलाजाच्या योजनेचं, कार्ड दाखवलं तं काउंटरवाला म्हणे आमची बिलं थकली, आधी पैसे भरा. आईची पोत गहाण ठेवली त्या रात्री. कायदा करायचाच असन तं त्यात पहिलं कलम हे टाका का तालुक्याले इलाज भेटन अन् दारात पैसे मागनार नाई.

माजी हवालदार, धामणगाव:
पोरा, तुझ्या बाबांना माझा सॅल्यूट सांग. पण ईसीएचएस २००३ पासून संरक्षण मंत्रालयाची आहे, ती राज्याच्या कायद्यानं कशी हलणार? आणि मानाला हलकं समजू नको. मी १७ वर्षं नोकरी करून गावात आलो, सातबाऱ्याच्या कामाला गेलो तर दोन तास उभं ठेवलं, बस म्हणाले नाहीत. ते मला अजून टोचते. कमान पाहून त्या बाबूची पोरं तरी उठून उभी राहतील.

दिग्रसकडचा:
काका, ईसीएचएस केंद्राची हाये मले माहीत हाये. पण सार्वजनिक आरोग्य अन् दवाखाने संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्याकडं हायेत ना? आरोग्य केंद्रातला डॉक्टर कोनाचा? राज्याचाच. तो हजर असता तं पिकअप लागलीच नसती.

ग्रामपंचायत सदस्य, वाशिम जिल्हा:
सन्मानाचं सांगता तर घरपट्टी कोणी माफ केली? २०२० मध्ये राज्यानंच केली ना, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची योजना, माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांच्या एका घराला. चांगलं झालं, पण आमच्या गावात तेवढी वसुली कमी झाली आणि नळाची मोटर जळली तर लोक आमच्याच दारात येतात. घोषणा मुंबईत होते, शिव्या सदस्याला.

कापूसवाला, कळंब:
घरपट्टीवर रडता राजेहो? माह्या भावानं फवारनीचं औषध पेलं. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तं घरच्यायले सरकारची एक लाखाची मदत असते, तीस हजार हातात अन् सत्तर हजार ठेव. आमचं प्रकरन अपात्र. काहून, तं कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं होतं. परवानावाला सावकार दारात उभा करत नव्हता म्हनून तं त्याच्याकडं गेला होता तो! फौजीले कमान, आमाले 'अपात्र'चा शिक्का. जवान-किसान दोघायचं नाव घेता तं कायदा एकाचाच काहून?

माजी हवालदार, धामणगाव:
भाऊ, तुमचं दुःख मोठं आहे, पण प्रत्येक धाग्यात शेतकरी आणून फौजीचा विषय बुडवायचा हे बरोबर नाही. सियाचीनला उभं राहून पाहा एकदा.

कापूसवाला, कळंब:
अन् तुमी मे महिन्यात यवतमाळले धसकटं वेचून पाहा! कोन म्हटलं फौजीचं बंद करा? भाऊ तडफडत होता तवा आरोग्य केंद्राले कुलूपच होतं. जसं केंद्र याच्या बाबाचं, तसंच माह्या भावाचं.

अग्निवीराचा भाऊ, चिखली:
माझा भाऊ अग्निवीर आहे, चार वर्षं. शंभरातले पंचवीसच पुढं राहतील. बाकीच्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जापण नाही. कमानीवर त्याचं नाव कोणत्या रकान्यात लिहिणार ते सांगा आधी.

ग्रामपंचायत सदस्य, वाशिम जिल्हा:
महात्मा फुले योजना आहे की मोफत उपचाराची, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आता सगळ्यांनाच.

दिग्रसकडचा:
हाये, पन मोठे दवाखाने सारे शहरात. नागपूर माह्या गावाहून दोनशे किलोमीटरच्या वर. छातीत दुखनारा मानूस पाच लाखाचा कागद धरून तेवढा वेळ काढन का?

माजी हवालदार, धामणगाव:
ठीक आहे. डॉक्टर आधी, एवढं मान्य करतो. कळंबवाल्या भाऊला जोरानं बोललो, ते परत घेतो. पण कमानीवरचा हक्क सोडणार नाही, आणि खुर्चीवरचा तर मुळीच नाही.

दिग्रसकडचा:
काका, खुर्चीचं मलेपन मान्य हाये. गुरुवारी बाबाले तपासनीले नेतो, सकाळी सहाच्या एसटीनं. येताना पंचायत समितीत डॉक्टरच्या जागेचा अर्ज देनार. कळंबवाले दादा, तुमचीपन सही पायजे त्यावर.

कापूसवाला, कळंब:
देतो. यवतमाळच्या स्टँडवर भेटतो.