आईची दाढ अन डेंटल कॉलेज (नागपूरच्या सोसायटी ग्रुपवरून)

वैशाली ए-३०२: कोणी सांगता का, आईची दाढ दोन दिवसांपासून ठणकून राहिली, चौकातल्या डॉक्टरांनी रूट कॅनल अन कॅप मिळून ९ हजार सांगितले. आयुष्मान कार्ड काढून ठेवलं आहे, त्यात होते का?

संजय बी-१०४: नाही होत वहिनी. महात्मा फुले योजना म्हणा की आयुष्मान, ५ लाखांपर्यंत आहे पण ते भरती होऊन ऑपरेशन लागते त्यांच्यासाठी, जबडा फ्रॅक्चर, तोंडाचा कॅन्सर असं. साध्या दाढेला कोणी विचारत नाही. माझ्या मेडिक्लेमवाल्यानेही हात वर केले होते

कुळकर्णी काका ए-१०१: मेडिकल चौकात जा, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारातच शासकीय डेंटल कॉलेज आहे, १९६८ चं. माझी कवळी तिथलीच आहे, सहा चकरा झाल्या, एकदा माप घे एकदा मेण लावून पहा एकदा टोचते म्हणून घासून दे, पण बसली अशी की परवा हुरडा खाल्ला. घाई असणाऱ्याने मात्र जाऊ नये

वैशाली ए-३०२: पण काका शिकाऊ पोरं करतात म्हणे?

नीताताई सी-२०२: करतात न, पण मागे सर उभे असतात, प्रत्येक स्टेप दाखवल्याशिवाय पुढे जात नाहीत, म्हणूनच वेळ लागतो. मी मेडिकलमधूनच रिटायर झाली, पाहिलं आहे सगळं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधी तपासणी अन एक्सरे, मग ते रूट कॅनलच्या विभागात पाठवतात, कॅपचा विभाग वेगळा, तिथे पुन्हा तारीख. आईंची बीपी शुगरची चिठ्ठी ने, अन रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांग, स्वतःच्या मनाने बंद नको करू

वैशाली ए-३०२: सरकारीत तर आता फुकट आहे न ताई सगळं?

संजय बी-१०४: ते १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यात, आपलं डागा वगैरे. मेडिकल, मेयो, डेंटल हे वैद्यकीय शिक्षण खात्याचे, तिथे पावती फाडावी लागते. बाहेरच्या मानाने काहीच नाही तरी. पिवळं रेशन कार्ड असेल तर झेरॉक्स ठेवा, सूट आहे का ते खिडकीवर विचारून घ्या

रोहित बी-४०१: मले पण जायचं आहे, तिखट खाल्लं की तोंडात आग होऊन राहिली

नीताताई सी-२०२: तंबाखू-सुपारीचा खर्रा किती खातो?

रोहित बी-४०१: दिवसाचे दोनच

नीताताई सी-२०२: तीन बोटं उभी जातात का तोंडात? आत्ता करून पाह

रोहित बी-४०१: दोन जातात काकू

नीताताई सी-२०२: म्हणजे तोंड कमी उघडून राहिलं, खर्र्याने होते असं, दाखवावंच लागेल. मंगळवारी सकाळी सात वाजता गेटवर ये, गाडी घेऊन. वैशाली, आईला तयार ठेव, याच्याच गाडीत जाऊ, मी येते सोबत. अन रोहित, येताना पानठेल्यावर थांबला तर तुझ्या आईला फोन करीन