‘एमबॉटवाला एका नजरेत कळतो’ म्हणे!

कोपऱ्यातला: ‘निशाणा झटक्यात डोक्यावर गेला की समजायचं एमबॉट,’ म्हणजे बंदुकांच्या ऑनलाइन गेममध्ये आपोआप नेम धरणारा चीट प्रोग्राम, असं काल इथे एकाने ठणकावलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. अरे, तो जमाना गेला. चीट गेमच्या मेमरीतून शत्रूची जागा वाचतो आणि निशाणा किती अंश वळवायचा ते काढतो. शाळेतली त्रिकोणमिती, बस. मग त्यात ‘स्मूदिंग’ घालतात, म्हणजे ते वळण एका फ्रेममध्ये न होता अनेक फ्रेममध्ये वाटलं जातं. वर एफओव्हीची, म्हणजे बॉटच्या नजरेच्या टप्प्याची, मर्यादा: शत्रू क्रॉसहेअरजवळ, म्हणजे स्क्रीनवरच्या नेमाच्या खुणेजवळ, आला तरच बॉट जागा होणार. हे किलकॅममध्ये, म्हणजे मारणाऱ्याच्या नजरेतून दिसणाऱ्या रिप्लेमध्ये, ओळखणार तुम्ही?

हेडशॉट_आजोबा: ते मीच लिहिलं होतं. वर्षानुवर्षं खेळतोय, चाल बघूनच कळतं. भिंतीआडच्या माणसाकडे आधीच वळलेला असतो तो.

कोपऱ्यातला: ते वॉलहॅक, भिंतीपलीकडचं दाखवणारा वेगळा चीट. आणि 2018 ला शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडिया टीमचा खेळाडू सापडला तो संगणक तपासला म्हणून. चीटच्या फाईलचं नाव वर्ड.ईएक्सई!

माऊसभक्त: खरी चोरी कंट्रोलरवाल्यांची. गेमच त्यांना नेम धरायला मदत करतो, एम असिस्ट म्हणतात त्याला. शत्रू बाजूला सरकला की क्रॉसहेअर आपोआप त्याच्यामागे फिरतो, तेही माणसाला रिअ‍ॅक्ट व्हायला लागतो तेवढा वेळ न घेता. मी हेच प्रोग्रामने केलं तर बॅन!

अंगठाबहाद्दर: आलं रडगाणं. तुझा अख्खा हात टेबलावर फिरतो, माझ्याकडे एक अंगठा. असिस्ट सगळ्यांना सारखा, कंपनीनेच दिलेला. भिंतीपलीकडचं दाखवतो का तो?

माऊसभक्त: मग माऊसला कंट्रोलर भासवणारे डबे लोक विकत का घेतात? असिस्ट फुकट मिळतो म्हणूनच ना?

अंगठाबहाद्दर: ते चोरच. त्यांचं बिल माझ्या नावावर का फाडतोस?

कर्नेल_नको: भांडा तुम्ही. तिकडे व्हॅलोरंट गेमचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर व्हॅनगार्ड 2020 पासून संगणक सुरू होतानाच कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, जाऊन बसतंय, तरी रंगावर चालणारे बॉट आलेच. शत्रूच्या कडेचा रंग स्क्रीनवर शोधायचा, माऊस हलवायचा. गेमच्या मेमरीला हातच नाही.

कोपऱ्यातला: म्हणून कुलूपच काढायचं? मेमरी वाचणारे बॉट तरी महाग आणि अवघड झालेत त्यामुळे. आणि नजरेवर भरवसा ठेवणाऱ्यांनो, एका रात्री माझा हात चांगला लागला तर समोरच्या टीमने रिपोर्ट ठोकले. अकाउंट गेलं. अपील केलं, ठरावीक साच्याचं उत्तर आलं.

हेडशॉट_आजोबा: बरं बाबा, तुझी त्रिकोणमिती जिंकली, स्मूदिंगवाला नाही दिसत मला. पण अकाउंट उगाच जात नसतं.

कोपऱ्यातला: हाच तो आंधळा भरवसा! हेच म्हणतोय मी!

माऊसभक्त: कंट्रोलरचं उत्तर कोणीच दिलं नाही अजून.