घर बांधताना : झाकलं जाण्याआधी काय तपासायचं? (अनुभव धागा)

घर बांधायला काढलं की बोलणं लगेच टाइल, रंग आणि कपाटांवर येतं. त्या गोष्टी नंतरही बदलता येतात. या धाग्यात हवंय ते काँक्रीट, गिलावा किंवा फरशीखाली गेल्यावर पुन्हा न दिसणारं. माप द्या, कारण द्या. 'ठेकेदार चांगला बघा' एवढ्यावर थांबू नका. चांगलं काम ओळखायचं कसं ते लिहा.

*

सुरुवात नकाशापासून. खोलीचं माप वाचून खोली कळत नाही, तिच्यात सामान त्याच प्रमाणात काढलं की कळते. ३ मीटर लांब खोलीत २ मीटरचा पलंग आणि पायथ्याशी ६०० मिमी खोल कपाट ठेवलं, तर मधे उरतात ४०० मिमी. कपाटाचं दारही उघडणार नाही. शिवाय नकाशातलं माप बहुधा विटांच्या भिंतीचं असतं. दोन्ही बाजूंचा गिलावा धरला की त्यातून आणखी २५-३० मिमी जातात, आणि फ्रिज किंवा तयार कपाट नेमकं तेवढ्यालाच अडतं.

ओट्याची उंची सगळ्यांना सारखी नसते. तिथे जास्त वेळ जो उभा राहणार, त्याच्या कोपरापासून १०० ते १५० मिमी खाली. हे वायरिंगच्या आधी ठरवा, कारण ओट्यावरचे सगळे पॉइंट त्यावरून मोजतात.

*

जिना. इथे चूक करायला फार वाव आहे.

गणित सोपं आहे. दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी, बेरीज ६०० ते ६३० मिमीच्या आसपास यावी. एका मजल्याची तयार उंची ३००० मिमी असेल तर १८ चढ, प्रत्येकी १६६.७ मिमी. रुंदी २७० घेतली की बेरीज ६०३. ठीक. १८ चढांना पायऱ्या १७ लागतात, म्हणजे सरळ जिन्याला ४५९० मिमी लांबी हवी. ती नसेल तर मधे चौक घेऊन जिना वळवा. उंची वाढवून जागा वाचवू नका.

खरा घोळ पुढे होतो. काँक्रीटचा जिना ओतताना सगळे चढ सारखे ठेवले जातात. नंतर खालच्या आणि वरच्या खोलीत कोबा आणि फरशी मिळून ७० मिमी चढतात, पायरीवर दगड आणि मसाला मिळून ४०. पहिला चढ ३० मिमीने कमी होतो, शेवटचा ३० मिमीने वाढतो. पाय सवयीने पडतो, म्हणून लोक नेमके तिथेच अडखळतात. फरशीची जाडी आधी ठरवा आणि ओततानाच पहिला चढ तेवढा जास्त, शेवटचा तेवढा कमी ठेवा.

*

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी वर चढून बघायच्या गोष्टी:

कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि फळी यांत अंतर ठेवणारे ठोकळे. स्लॅबला २० ते २५ मिमी, कॉलमला ४०, फुटिंगला (पायाला) ५०. खडीचा तुकडा सळईखाली सरकवणं म्हणजे कव्हर नव्हे. तो निसटतो, सळई फळीला टेकते आणि काही वर्षांत गंजून फुगते. छताचे पोपडे पडतात ते त्यामुळे.

बाल्कनी. बाहेर झेपावणाऱ्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खाली नाही. ओतताना माणसं तिच्यावरून चालतात, सळई दबून खाली बसते, आणि वरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणून खालून आधार देणाऱ्या खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळईचे तुकडे, भरपूर हवेत आणि चालायला फळ्या टाकलेल्या हव्यात. या एका बाबतीत भिडस्तपणा नको.

सळई वजनाने मिळते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिमीसाठी ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई सुमारे १०.७ किलो. चार-पाच तोलून बघा.

पाणी. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला ०.४५ प्रमाणाने २२.५ लिटर, आणि यात वाळूतली ओलही आली. गोणीमागे ७५ किलो वाळू धरली आणि तिच्यात ५ टक्के ओल असली, तर पावणेचार लिटर आधीच आत आहेत. पसरायला सोपं जावं म्हणून बादलीभर पाणी ओतलं की ताकद कमी होते. मिश्रण घट्ट वाटत असेल तर त्याला प्लॅस्टिसायझर आहे, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण सैल करणारं रसायन. ओली वाळू फुगते हेही लक्षात असू द्या. घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात कमी पडते.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. व्हायब्रेटरची (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राची) सुई सरळ उभी घालायची, बुडबुडे थांबले की सावकाश बाहेर. ती सळईला लावून हलवू नये आणि तिने काँक्रीट ढकलूही नये. कॉलम-बीमच्या सांध्यात सळयांची गर्दी असते, तिथेच काँक्रीट पोकळ राहतं.

टेकू काढताना स्लॅबच्या मधून सुरुवात करून कडांकडे जायचं. बाल्कनीचे मात्र बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे.

*

ओतलेल्या काँक्रीटवर पाणी मारण्याबद्दल कोणीच बोललं नाही. 'सात दिवस पुरे' हे साध्या पोर्टलँड सिमेंटचं. राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं असेल तर किमान दहा, माझ्या मते चौदा. ती सिमेंटं ताकद सावकाश धरतात. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवतात ते बरोबर, पण कॉलमकडे कोणी बघत नाही. उभ्या पृष्ठभागावर पाणी टिकत नाही, त्याला ओलं गोणपाट गुंडाळावं लागतं.

*

बाथरूम. पाइप फरशीखाली बसावेत म्हणून इथला स्लॅब किती खाली घ्यायचा यावर वाद असतात, पण तो पाइपच्या लांबीचा हिशेब आहे. कमोडचा पाइप ११० मिमीचा, उतार ४० ला १. उभा पाइप ३ मीटर अंतरावर असेल तर उतारालाच ७५ मिमी गेले. पाइप धरून १८५ झाले, वर कोबा आणि टाइल. २०० मध्ये हे बसत नाही. म्हणजे एकतर २५०-३०० घ्या, नाहीतर कमोड उभ्या पाइपजवळ आणा. दुसरं जास्त शहाणपणाचं.

वॉटरप्रूफिंगच्या आधी कोपऱ्यांना सिमेंटने गोलाई द्या. काटकोनात थर फाटतो. थर भिंतीवर ३०० मिमी चढवा, शॉवरच्या भागात डोक्याच्या उंचीपर्यंत. मग ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून बघायचं. खोलगट भाग भरल्यावर, टाइलच्या आधी, पुन्हा एकदा. दुसरी चाचणी सगळे टाळतात. भराव टाकताना फावड्याने थर फुटतो, म्हणून तर ती हवी.

*

मोठा शॉवर घेणाऱ्यांसाठी : १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. टाकीचा तळ शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर मिळतात ०.३ बार. पाइप जाड केल्याने घर्षण कमी होतं, दाब वाढत नाही. वरच्या मजल्यासाठी पंपाची जागा आणि वायर आत्ताच ठेवा.

*

वीज (२३० व्होल्ट धरून). दिव्यांना १.५ चौरस मिमी, सॉकेटना २.५, एसी आणि गीझरला ४ आणि प्रत्येकाचं स्वतंत्र सर्किट. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. दोन आरसीसीबी असतील तर त्यांचे न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळे ठेवायला सांगा. एका डब्यात ते एकत्र जोडले गेले की बटण पडत राहतं आणि दोष सापडत नाही. मग वैतागून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतं.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी टेप उघडून धरलेला. टेपशिवायचा फोटो ड्रिल करताना उपयोगाचा नाही.

*

गच्चीचा उतार १०० ला १. पाणी ८ मीटर चालणार असेल तर एका टोकाला जाडी ८० मिमीने वाढते, वर टाइल वेगळी. त्यामुळे गच्चीच्या दाराचा उंबरा तयार फरशीपेक्षा १५० मिमी वर राहील असा आधीच ठरवावा लागतो. आतबाहेर सपाट फरशीचा मोह मला मान्य नाही. हवीच असेल तर दारासमोर जाळीचा पन्हाळ करा. पाणी जाण्याची तोंडं दोन ठेवा, एक पानांनी बुजतंच. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, बोटभर खाच हवी, नाहीतर पाणी उलटं वाहत भिंतीवर येतं.

*

ठेकेदाराशी करारात दोन ओळी घाला : हप्ता टप्पा तपासल्यावर, आणि झाकायच्या प्रत्येक कामाआधी एक दिवसाची पूर्वसूचना. बाकी अटी कितीही लिहा, या दोन नसतील तर वरचं काहीच बघायला मिळत नाही.

*

जिन्यावर एक राहिलं. पायरीच्या कडेपासून वरच्या बीमपर्यंत किमान २१०० मिमी मोकळे हवेत आणि तेही फरशी धरून. बीमची खोली स्ट्रक्चरल नकाशात असते, जिना आर्किटेक्टच्या. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून बघा.