लाइटनिंगवर त्रिकोण शोभतील

लावी या इस्रायली लढाऊ विमानाच्या मॉडेलवर काळ्या कडेचे पिवळे त्रिकोण लावायचे म्हणताय, ते मला पटत नाही. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात लिबियाची मिराज ही फ्रेंच लढाऊ विमानं इजिप्तकडे होती. आपल्याच मिराज आणि नेशरवर (मिराजचीच इस्रायली आवृत्ती) चुकून गोळ्या झाडल्या जाऊ नयेत म्हणून इस्रायलने ते त्रिकोण रंगवले. लावी पहिल्यांदा उडालं ३१ डिसेंबर १९८६ला, आणि तसलं विमान शत्रूकडे नव्हतंच!

त्यापेक्षा ब्रिटिश लाइटनिंग लढाऊ विमानाचं मॉडेल घ्या, आणि ते इस्रायलकडेही होतं अशी कल्पना करा. सौदी आणि कुवेतकडे ही विमानं खरोखर होती, म्हणजे त्रिकोणांना कारण मिळतं. रंग इस्रायली: वाळू, तपकिरी, हिरवा, पोटाला फिकट निळा. त्रिकोणासाठी डिकॅल (चिकटवायचं छापील चित्र) नको, मास्किंग टेप लावून रंगवा. पिवळ्याखाली आधी पांढरा हात द्या, नाहीतर तपकिरी डोकावतो. (माझा डोकावला होता.)