प्रतिसाद: घोडबंदर की जुनं ठाणं?

मुलीला ठाण्याच्या जोशी-बेडेकर कॉलेजला प्रवेश मिळालाय तर घोडबंदरच्या टॉवरमध्ये घर घ्यावं की चरई-नौपाड्यात, असं तुम्ही विचारलंय. वर बहुतेकांनी स्विमिंग पूल, क्लब हाऊस मोजून दाखवलंय. मी जुन्या ठाण्याच्या बाजूने.

कॉलेज चेंदणी बंदर रोडवर, खाडीच्या अंगाला. चरईतून रमतगमत चालत जाता येतं. घोडबंदरहून सकाळच्या लेक्चरला यायचं तर बसमध्ये लोंबकळणं आलंच. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून जिथे आली ते स्टेशनही पायाखालचं. जांभळी नाक्यावर भाजी घ्या, कौपिनेश्वराला नमस्कार करा, तलावपाळीला एक फेरी मारा, झाली संध्याकाळ. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, त्याचं सभासदत्व मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या.

त्रास आहेतच. पार्किंग विसरा. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते. आणि दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर अख्खी तरुणाई नटूनथटून लोटते, तेव्हा गाडी बाहेर काढायचं नावही काढू नका (तुमची लेक त्याच गर्दीत असेल म्हणा).

भाड्याने घेणार असाल तर सोसायटीत पुनर्विकासाचं कुठवर आलंय ते आधी विचारा. नाहीतर अकरा महिन्यांच्या आत परत टेम्पो.